कॅनडात शिकायला आलात? फॅकल्टीच्या टीममधून स्विमिंग आणि कर्लिंगला उतरा, कसं ते सांगतो

कॅनडातल्या बहुतेक युनिव्हर्सिट्यांमध्ये इंट्राम्युरल नावाचा प्रकार असतो. युनिव्हर्सिटीच्या मेन टीमशी त्याचा काही संबंध नाही, ती वर्षानुवर्षं कोचकडे घाम गाळलेली मंडळी वेगळी. इंट्राम्युरल म्हणजे आपापसातल्या मॅचेस, इंजिनिअरिंग विरुद्ध आर्ट्स, सायन्स विरुद्ध बिझनेस, नर्सिंग विरुद्ध लॉ, आणि त्यात पहिल्या वर्षाच्या पोरापासून पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या माणसापर्यंत कोणीही उतरू शकतं. आपली मुलं इथे आली की क्रिकेट, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल लगेच शोधून काढतात, पण स्विमिंग मीट आणि कर्लिंगचं (बर्फावरून जड दगड नेमाने सरकवायचा खेळ) पोस्टर दिसलं की पुढे निघून जातात, एकात "आपलं पोहणं काही तसलं नाही" म्हणून आणि दुसऱ्यात "हे काय असतं तेच माहीत नाही" म्हणून. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नवखा माणूस फॅकल्टीच्या म्हणजे आपल्या विद्याशाखेच्या खरोखर उपयोगी पडू शकतो असे हेच दोन खेळ आहेत.

कारण साधं आहे. रिलेला चार लागतात, कर्लिंगलाही चार. चौथा मिळाला नाही म्हणून टीमच उभी राहिली नाही हे सारखं होत असतं, आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं उतरल्याचेही पॉइंट फॅकल्टीच्या नावावर पडतात, त्यामुळे वेळेवर आलेली आणि नियमात राहिलेली साधी टीम ही न आलेल्या भारी टीमच्या वर जाते. म्हणून खाली जे लिहिलंय ते चॅम्पियन कसं व्हायचं यासाठी नाही, टीम कशी पूर्ण करायची, बाद कसं नाही व्हायचं आणि जे आपल्याला जमतंय ते नीट कसं वापरायचं यासाठी आहे.

आधी टीम

सप्टेंबरमध्ये आणि परत जानेवारीत टर्म सुरू झाली की पहिल्या एक-दोन आठवड्यातच रजिस्ट्रेशन उघडतं आणि पटकन बंद होतं, त्यामुळे रेक्रिएशन सेंटरच्या साइटवर जाऊन तारखा आधी बघून ठेवा. कॅप्टनने टीम बनवायची, बाकीच्यांनी आपापल्या लॉगिनने जॉइन व्हायचं, प्रत्येकाने वेव्हर म्हणजे जबाबदारीचा फॉर्म भरायचा. बऱ्याच ठिकाणी डिपॉझिट घेतात आणि टीम आली नाही की ते जातं, म्हणून कॅप्टनने पैसे भरायच्या आधी सगळ्यांकडून "हो, त्या शनिवारी मी आहे" असं लेखी घ्या, ग्रुपवर नुसता अंगठा दाखवणारा माणूस धरू नका. स्टुडंट कार्ड प्रत्येक वेळी सोबत ठेवायचं.

आपल्या मराठी मुलांच्या ग्रुपवर टाका जरूर, पण टीम फॅकल्टीची आहे हे लक्षात असू द्या. सगळे एकाच गावचे घेऊन बसू नका. तुमच्या लॅबमध्ये, वर्गात सस्कॅचेवान, मॅनिटोबा किंवा अल्बर्टातल्या एखाद्या छोट्या गावातून आलेला कोणी असेल तर त्याला आधी विचारा, कारण तिकडे छोट्याशा गावातसुद्धा कर्लिंग रिंक असतं आणि शाळेत असताना त्याने दगड टाकलेला असण्याची शक्यता दांडगी. असा एक माणूस टीममध्ये असला की बाकी तिघे नवीन असले तरी चालतात. तसंच कोणी लहानपणी क्लबमध्ये पोहलेलं असतं पण स्वतःहून सांगत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही.

मी एडमंटनला आहे, इथे युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाच्या साऊथ कॅम्पसला सॅव्हिल सेंटर आहे, कर्लिंग तिथे चालतं, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकला गोल्ड घेतलेला केविन मार्टिन एडमंटनमधूनच खेळायचा. तुमच्या कॅम्पसवर स्वतःचं रिंक नसेल तर शहरातल्या कर्लिंग क्लबचं बर्फ भाड्याने घेऊन स्पर्धा होतात, तेव्हा बस कुठली आणि परत यायला शेवटची किती वाजता हे कॅप्टनने आधीच बघून ठेवा, जानेवारीत उणे वीसमध्ये स्टॉपवर उभं राहणं म्हणजे खायचं काम नाही.

पाण्यातलं

स्विमिंग मीटला पंचवीस मीटरचा पूल असेल तर पन्नास मीटर म्हणजे एक जाणं आणि एक येणं. फॉर्ममध्ये तुमची अंदाजे वेळ विचारतात, ती खरी लिहा, कारण त्याच वेळेवरून हीट म्हणजे शर्यतीचे गट लावतात आणि जवळपास सारख्या वेगाची माणसं एकत्र येतात, वेगवान लोक मधल्या लेनमध्ये आणि बाकीचे कडेला. खोटी भारी वेळ लिहिली तर भलत्याच लोकांमध्ये जाऊन पडाल.

आता "मला पोहता येतं" म्हणजे किती, तर इथल्या लाइफसेव्हिंग सोसायटीचं एक साधं माप आहे: खोल पाण्यात पडायचं, एक मिनिट जागेवर तरंगून राहायचं आणि मग पन्नास मीटर पोहायचं. हे दमछाक न होता जमत असेल तर रिलेत तुमची जागा आहे. जमत नसेल तर यंदा लेसन लावा, युनिव्हर्सिटीच्या पूलवर मोठ्यांसाठी बिगिनर क्लास असतात आणि तिथे कोणी हसत नाही. मुलींसाठी, बऱ्याच कॅम्पसवर फक्त बायकांसाठी वेगळी वेळ असते, प्रॅक्टिस तिथे करता येते, आणि पूर्ण अंगाचा स्विमसूट किंवा रॅश गार्ड घालूनही इंट्राम्युरलला सहसा उतरता येतं, एकदा ऑफिसात विचारून घ्या.

आपल्याकडे विहिरीत, नदीत शिकलेली बरीच मुलं असतात, पाठीला भोपळा किंवा ट्यूब बांधून, सांगलीला कृष्णेत, कोल्हापूरला पंचगंगेत. त्यांचं पोहणं डोकं वर काढून असतं आणि ती इथे उगाच मागे राहतात. अरे, फ्रीस्टाईलच्या शर्यतीत कुठलाही हात चालतो! डोकं वर असू द्या, आडवं पोहा, मध्येच पालथे-उताणे व्हा, नियमाने सगळं चालतं. वळताना आणि शेवटी भिंतीला शरीराचा कुठलातरी भाग लागला पाहिजे, तळावरून चालायचं नाही, लेनची दोरी धरून स्वतःला ओढायचं नाही, आणि सुरुवातीला किंवा वळणानंतर पाण्याखाली पंधरा मीटरच्या पुढे जायचं नाही, जे तुम्ही तसंही जाणार नाही. अडचण येते मेडली रिलेत, म्हणजे चौघांनी चार वेगवेगळ्या प्रकारांनी पोहायच्या रिलेत, कारण तिथे फ्रीस्टाईलचा टप्पा बॅक (उताणं), ब्रेस्ट (बेडकासारखं), बटरफ्लाय (दोन्ही हात एकदम) सोडून उरलेल्या प्रकारानेच पोहावा लागतो.

मेडली रिलेचा क्रम पाठ करा: बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्री. बॅक पहिलं कारण त्याची सुरुवात पाण्यातून होते. एकट्याच्या मेडलीत क्रम वेगळा असतो, बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री, या दोघांत गोंधळ करू नका. बटरफ्लायवाला मिळणं सगळ्यात अवघड, जो कोणी पंचवीस-पन्नास मीटर कसंबसं पण कायदेशीर काढेल त्याला आधी पक्का करा आणि मग बाकीचे भरा. ब्रेस्टवाले आपल्यात पुष्कळ सापडतात, पण त्यांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायच्या. एक, वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत, एक हात आधी लागला की बाद. दोन, दोन्ही पाय सारखेच फिरले पाहिजेत. विहिरीत शिकलेल्यांचा एक पाय कात्रीसारखा वर-खाली जातो, तो स्वतःला कळतच नाही, म्हणून मित्राला पूलच्या कडेला उभं करा आणि मागून बघायला सांगा. बटरफ्लायलाही दोन्ही हातांचाच टच. फॅकल्टीच्या मीटमध्ये पॉइंट जातात ते कमी वेगामुळे नाही, या टचमुळे जातात.

बॅकवाल्याने वर टांगलेल्या छोट्या झेंड्यांकडे बघायचं, ते भिंतीपासून पाच मीटरवर असतात. प्रॅक्टिसला झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात लागतात ते मोजून ठेवा आणि शर्यतीत तेवढेच मारा, म्हणजे डोकं आपटत नाही आणि वळून मागे बघण्यात वेळही जात नाही.

स्टार्ट. आधी छोट्या शिट्ट्या होतात, म्हणजे तयार व्हा, मग एक लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर म्हणजे कडेच्या उंच चौथऱ्यावर चढायचं, "टेक युअर मार्क" म्हटलं की वाकून एकदम स्थिर व्हायचं आणि हॉर्न झाला की सूर मारायचा. हॉर्नच्या आधी हलून निघालात तर दुसरा चान्स नाही. नीट सूर मारता येत नसेल तर पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून सुरू करायची परवानगी बहुतेक मीटमध्ये देतात, ती घ्या, त्यात काही कमीपणा नाही, आणि उथळ बाजूला तर सूर मारूच नका, मानेला मार लागला तर तो जन्माचा असतो. लाइफगार्डला आधी विचारा कुठल्या टोकाला खोली पुरेशी आहे.

रिलेचा बदल नीट समजून घ्या कारण खरी गंमत तिथे आहे. येणाऱ्याचा हात भिंतीला लागेपर्यंत तुमचे पाय ब्लॉक सोडू शकत नाहीत, पण हात मात्र आधीच हलू शकतात, म्हणजे तुम्ही पुढे झुकलेले, हात फिरत आलेले, पायाचे अंगठे कडेवर घट्ट, समोरचा झेंड्यांच्या खाली आला, एक हात, दोन हात, त्याची बोटं टाइलवर पोचली की तुमची बोटं सुटली. हे जमलं की बदलाच्या वेळी अर्धा-पाऊण सेकंद सहज वाचतो, आणि वेग न वाढवता! म्हणून शेवटच्या आठवड्यात लांब-लांब पोहण्यापेक्षा चौघांनी मिळून नुसते बदल करा. येणाऱ्याला सांगा की शेवटच्या पाच मीटरमध्ये श्वास घ्यायला डोकं फिरवायचं नाही, तरंगत यायचं नाही, हात मारतच भिंतीवर यायचं. क्रम लावताना साधारण दुसऱ्या नंबरचा चांगला पोहणारा पहिला, सगळ्यात चांगला शेवटी, आणि ज्याला धास्ती वाटते त्याला तिसरा ठेवा.

लेनमध्ये प्रॅक्टिस करताना इथे उजव्या बाजूने गोल फिरत पोहायचं असतं, स्लो, मीडियम, फास्ट अशा पाट्या असतात, आपल्या वेगाच्या लेनमध्येच जा. मागचा माणूस पायाला हात लावत असेल तर भिंतीशी थांबून त्याला पुढे जाऊ द्या.

बर्फावरचं

कर्लिंग कळायला कॅरम खेळलेल्या माणसाला पाच मिनिटं पुरतात: स्ट्रायकरने सोंगटी उडवणं, सोंगटीच्या आड सोंगटी लपवणं, आपली न हलवता दुसऱ्याची काढणं, ते सगळं इथे आहे. फरक हा की दगड सतरा ते वीस किलोचा असतो, जवळपास पंचेचाळीस मीटर लांबीच्या पट्टीवर सरकतो आणि जाताना वळतो. पट्टीला शीट म्हणतात, पलीकडच्या टोकाला बारा फूट व्यासाचं गोल म्हणजे हाऊस, मधला ठिपका बटन. प्रत्येकाने दोन दगड टाकायचे, दोन्ही टीमचे मिळून सोळा झाले की एक एंड संपला. हाऊसमध्ये बटनाच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, त्यालाच पॉइंट, आणि समोरच्याच्या सर्वात जवळच्या दगडापेक्षा आत जेवढे तुमचे तेवढे पॉइंट. म्हणजे लाल, लाल, पिवळा, लाल अशी रांग असेल तर लालला दोन, पिवळ्याला शून्य. क्लबमध्ये पूर्ण मॅच आठ एंडची असते, दोन तास सहज जातात, विद्यार्थ्यांच्या एका दिवसाच्या बॉनस्पीलला म्हणजे टुर्नामेंटला एंड कमी ठेवतात.

कपडे: जीन्स नको, वाकता येत नाही, ताणली जाणारी ट्रॅक पँट, वर दोन-तीन पातळ थर, पातळ हातमोजे. शूज आतल्या वापराचे, स्वच्छ तळाचे, पिशवीतून आणा आणि तिथेच बदला. रस्त्यावर मीठ आणि खडी टाकलेली असते, तो एक कण बर्फावर गेला तरी दगड बिघडतो आणि बर्फ सांभाळणारा माणूस खरोखर चिडतो, त्याचं बरोबरच आहे. लोकर झडणारा स्वेटर, टोपी टाळा. बाकी ब्रूम (बर्फ घासायचा झाडू), स्लायडर (एका बुटाखालचा घसरता तळ), ग्रिपर (दुसऱ्या बुटाला पकड देणारं रबर) सहसा तिथेच मिळतात. हेल्मेट मिळत असेल तर नवख्याने घालावंच.

पडणं हा इथला खरा धोका आहे, कारण माणूस पाठीवर पडतो आणि डोकं आपटतं. बर्फावर पाय ठेवताना ग्रिपरचा पाय आधी, स्लायडरचा नंतर. उलटं चालायचं नाही. दगड उचलायचा नाही, कधीच नाही, ढकलायचा. आणि गुडघा किंवा तळहात बर्फावर टेकवून गप्पा मारत बसू नका, बर्फावर पाण्याचे बारीक थेंब फवारून दाणे केलेले असतात, त्याला पेबल म्हणतात, दगड त्या दाण्यांवरून सरकतो, तुमचा तळहात अर्धा मिनिट राहिला की तिथे पंजाचा गुळगुळीत ठसा उमटतो आणि पुढचा दगड त्यावर आला की भलतीकडे जातो.

दगड टाकायचा असा. रबराचा हॅक असतो, उजव्या हाताच्या माणसाने उजवा पाय त्यात ठेवायचा, डावा स्लायडरवर. आधी दगड आडवा करून खालची कड ब्रूमने किंवा हाताने पुसा, हे विसरू नका, कारण खाली एक केस किंवा मोज्याचा धागा अडकला की व्यवस्थित चाललेला दगड एकदम फिरतो, कडेला वळतो, आणि बघणारा म्हणतो नेम चुकला. मग दगड थोडा मागे, कंबर वर, आणि हॅकमधल्या पायाने ढकलून पुढे घसरत जायचं. जोर पायाचा, हाताने फेकायचं नाही. पलीकडे स्किप म्हणजे कर्लिंग टीमचा कॅप्टन ब्रूम धरून उभा असतो, त्या ब्रूमकडे नाक ठेवून जायचं. हँडल घड्याळाच्या दहावर धरून सुरू करा आणि सोडताना हळूच बारावर आणा, दगड घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि उजवीकडे वळतो, दोनवरून बारावर आणलं की उलट फिरून डावीकडे. पूर्ण प्रवासात दोन-तीन गिरक्या पुरतात, जास्त फिरवला की सरळच जातो. हॉग लाइन नावाची जाड रेघ असते तिच्या आधी हात सुटलाच पाहिजे, आणि पलीकडची हॉग लाइन पूर्ण ओलांडली नाही तर दगड बाहेर.

नवख्या टीमने प्रॅक्टिसचा सगळा वेळ एकाच गोष्टीवर घालवावा असं माझं ठाम मत आहे: हाऊसमध्ये जाऊन थांबेल एवढाच जोर. उडवायचे दगड सगळ्यांना आवडतात पण हाऊसमध्ये दगड थांबवता येणारी टीम या लेव्हलला जिंकते. अंदाज बसायला मोबाइलचं स्टॉपवॉच वापरा, एका हॉग लाइनपासून दुसऱ्या हॉग लाइनपर्यंत दगड साधारण चौदा सेकंदांच्या आसपास गेला तर तो मध्यावर थांबतो, त्या दिवशीचा बर्फ कसाय त्यावर थोडं इकडे-तिकडे. सेकंद कमी म्हणजे दगड जोरात, हे उलटं डोक्यात बसायला वेळ लागतो.

स्वीपिंगने म्हणजे दगडापुढे ब्रूमने घासल्याने दगडाचा वेग वाढत नाही, बर्फ जरासा गरम होतो, घर्षण कमी होतं, त्यामुळे दगड लांब जातो आणि कमी वळतो. ब्रूमच्या डोक्यावर अंगाचं वजन टाका, दगडाच्या अगदी पुढ्यात, छोटे-छोटे जोरात हात. वरवर झाडल्यासारखं केलं तर काही होत नाही. दगड पोचेल का हे स्वीपरने ओरडून सांगायचं, रेषेत आहे का हे स्किपने, आणि "हरी!" (म्हणजे घाई करा) ऐकलं की तुटून पडायचं, "व्होआ" ऐकलं की ब्रूम वर. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या खेळाडूला सगळ्यात जास्त घासावं लागतं, म्हणून दमाचे तिथे ठेवा, अनुभवी माणूस स्किप. पोहणारा कोणी टीममध्ये असेल तर त्याला बिनधास्त पहिला नंबर द्या.

शेवटचा दगड ज्याच्याकडे त्याच्याकडे हॅमर. पॉइंट घेतला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो, कोणालाच पॉइंट नाही मिळाला तर आहे तिथेच राहतो. त्यामुळे हॅमर असेल तर मधली वाट मोकळी ठेवा, दगड कडेकडेला टाका आणि दोन पॉइंटचा विचार करा. नसेल तर मध्ये हाऊससमोर गार्ड म्हणजे आड येणारा दगड टाका, त्यांची वाट अडते. एंडमधले पहिले पाच दगड होईपर्यंत समोरच्याचा हाऊसबाहेरचा गार्ड उडवून बाहेर काढता येत नाही, हा नियम तुमच्या स्पर्धेत लावलाय का ते सुरुवातीलाच विचारा.

आणि एक गोष्ट जी मला या खेळात फार आवडते, या लेव्हलला पंच नसतो. ब्रूम किंवा पाय चालत्या दगडाला लागला तर स्वतःच सांगायचं, समोरच्याने बघितलं नसलं तरी. मापाचा वाद झाला तर दोन्ही टीमचे तिसऱ्या नंबरचे खेळाडू मिळून ठरवतात. सुरुवातीला सगळ्यांशी हात मिळवून "गुड कर्लिंग" म्हणायचं, समोरच्याचा दगड चुकला तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, फार मागे पडलात आणि वेळ उरला नसेल तर हात पुढे करून मॅच सोडणं हाही इथे मानाचाच भाग धरतात.

मॅच झाल्यावर पळू नका. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना एक ड्रिंक द्यायची आणि दोन्ही टीमनी एकाच टेबलावर बसायची पद्धत आहे, न पिणाऱ्याने हॉट चॉकलेट किंवा कॉफी सांगितली तरी कोणाला काही वाटत नाही, शाकाहारी असाल तर पूटिन (फ्राइज, चीज आणि ग्रेव्ही) मागवताना ग्रेव्ही कसली आहे तेवढं विचारा. याच टेबलावर पुढच्या वर्षीची चौथी व्यक्ती सापडते, ऑक्टोबरमध्ये क्लबचं "लर्न टू कर्ल" कधी आहे ते कळतं, पूलवर कोण कधी येतं ते कळतं, नंबर घेऊन ठेवा. उठताना ब्रूम आणि ग्रिपर मोजून परत करा आणि कॅप्टनने स्कोअर त्याच रात्री पोर्टलवर भरा, राहिला तर पॉइंट लागायचे राहून जातात.